डिस्कच्या प्रश्नांची आगाऊ उत्तरं

लॅबमधल्या तीस संगणकांवर डेबियन हाताने टाकून बघा. पहिल्या यंत्रावर मजा येते. चौथ्यापर्यंत बोटं आपोआप एंटर दाबू लागतात. दहाव्यावर डोळे पडद्यावर असतात, पण वाचत काहीच नसतात. नेमका त्याच सुमारास इन्स्टॉलर विचारतो, 'हे बदल डिस्कवर लिहू का?' समोरचा माणूस गेला अर्धा तास कशालाही हो म्हणतो आहे, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

एकट्या डिस्कच्या टप्प्यात पाच पडदे येतात. पार्टिशन कोणत्या पद्धतीने करू, कोणत्या डिस्कवर करू, सगळं एकाच पार्टिशनमध्ये ठेवू की 'होम' वेगळं काढू, झालं का तुमचं, आणि शेवटी नक्की ना. तीस यंत्रं म्हणजे दीडशे पडदे, आणि हे कोऱ्या डिस्कचं गणित. जुन्या यंत्रात विंडोजचे अवशेष असतील, कुणीतरी पूर्वी लिनक्स टाकून बघितलेलं असेल, तर प्रश्न वाढतात. शाळा-कॉलेजच्या लॅब सांभाळणारे, छोट्या ऑफिसात 'जरा फॉरमॅट मारून दे' असं ज्यांना रोज ऐकावं लागतं ते, अशांनी हे प्रश्न कसे काढावेत ते इथे सांगतो. त्यातला एक मात्र मी काढत नाही. तुम्हीही काढू नये असं माझं मत आहे, त्याचं कारण ओघात येईलच.

उदाहरणाला डेबियन घेतलं, कारण त्याच्या इन्स्टॉलरचं यंत्र आतून उघडं आहे. आजचा इन्स्टॉलर २००५ साली डेबियन ३.१, म्हणजे 'सार्ज', या आवृत्तीबरोबर आला. त्याचा डिस्क सांभाळणारा भाग म्हणजे 'पार्टमॅन', अँटन झिनोव्हिएव यांनी लिहिलेला. पार्टमॅन स्वतः पडद्यावर काही विचारत नाही. त्याला काही हवं असेल तर तो 'डेबकॉन्फ' नावाच्या व्यवस्थेकडे चिठ्ठी पाठवतो, आणि ती चिठ्ठी तुम्हाला दाखवायची की नाही हे डेबकॉन्फ ठरवतं. प्रश्न काढायची किल्ली आहे ती इथे. पार्टमॅनला हात लावायचा नाही, डेबकॉन्फच्या हातात उत्तर आधीच देऊन ठेवायचं.

डेबकॉन्फ चिठ्ठी दाखवायची की नाही हे दोन गोष्टी बघून ठरवतं. पहिली म्हणजे प्रश्नाचं वजन. प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक दर्जा असतो: लो, मीडियम, हाय किंवा क्रिटिकल. साध्या इन्स्टॉलमध्ये हाय आणि त्यावरचे प्रश्न दिसतात. बूट करताना कर्नेलच्या ओळीत 'प्रायॉरिटी' क्रिटिकल अशी दिली की हायसुद्धा गळतात आणि त्यांची ठरलेली उत्तरं मुकाट्याने धरली जातात. दुसरी गोष्ट म्हणजे हा प्रश्न आधी 'पाहिलेला' आहे का. प्रत्येक प्रश्नाला 'सीन' नावाची एक खूण असते. तुम्ही उत्तर आधी भरून दिलंत की ती खूण लागते, आणि डेबकॉन्फ म्हणतं, याचं झालंय, पुढे चला.

बरेच जण पहिल्यावरच थांबतात. प्रायॉरिटी क्रिटिकल केली, पाच पडद्यांचे दोन-तीन राहिले, खूश. पण डिस्क पुसण्याशी ज्यांचा थेट संबंध आहे ते प्रश्न क्रिटिकलच असतात, ते गळत नाहीत. त्यांच्यासाठी उत्तरपत्रिका लागते. तिचं नाव 'प्रीसीड' फाइल.

फाइल साधी मजकुराची. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: मालक, प्रश्नाचं नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. मालक इथे कायम 'डी-आय', म्हणजे डेबियन इन्स्टॉलर. मी नावं उच्चाराप्रमाणे देतो आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि ती मनाने न लिहिता डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडच्या 'बी' परिशिष्टातल्या नमुना फाइलीतून उचलायची. एक अक्षर चुकलं तर इन्स्टॉलर तक्रार करत नाही, तो प्रश्न सरळ तुम्हाला विचारतो आणि तुम्ही विचार करत बसता की उत्तर तर दिलं होतं. दुसरा सापळा याहून बारीक आहे. प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये एकच स्पेस हवी. ओळी देखण्या दिसाव्यात म्हणून तिथे दोन-तीन स्पेस टाकल्यात तर जास्तीच्या स्पेस उत्तराचाच भाग धरल्या जातात. 'रेग्युलर'च्या आधी रिकामी जागा असलेली पद्धत पार्टमॅनला ठाऊक नाही. माझी एक पूर्ण दुपार या एका स्पेसने खाल्ली आहे. फाइल लिहून झाली की 'डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स' ही आज्ञा 'सी' पर्यायासह चालवून व्याकरण तपासून घ्या. प्रश्नाच्या नावातली चूक तिला कळत नाही, पण ओळीची मोडतोड कळते.

आता उत्तरं. 'पार्टमॅन-ऑटो/मेथड' म्हणजे पद्धत. साधी पार्टिशनं हवीत तर रेग्युलर, एलव्हीएम हवं तर तसं, एन्क्रिप्ट केलेली डिस्क हवी तर क्रिप्टो. लॅबसाठी रेग्युलर पुरतं. 'पार्टमॅन-ऑटो/चूज-रेसिपी' म्हणजे वाटणी: 'अॅटॉमिक' दिलंत तर सगळं एकाच पार्टिशनमध्ये, 'होम' दिलंत तर घर वेगळं, 'मल्टी' दिलंत तर आणखी तुकडे. लॅबमध्ये मी अॅटॉमिक वापरतो. विद्यार्थ्यांच्या फाइली सर्व्हरवर असतील तर वेगळ्या होमचा उपयोग नसतो, आणि वेगळं 'टेम्प' छोटं पडून एखादं सॉफ्टवेअर बसेना झालं की सगळ्यांचे फोन तुम्हालाच येतात. 'पार्टमॅन/चूज-पार्टिशन' याला 'फिनिश' हे उत्तर, म्हणजे 'झालं का तुमचं' हा पडदा गेला.

स्वतःची वाटणी हवी असेल तर 'एक्स्पर्ट-रेसिपी' आहे. प्रत्येक पार्टिशनला तीन आकडे द्यायचे, कमीत कमी आकार, वजन आणि जास्तीत जास्त आकार, दोन्ही आकार मेगाबाइटमध्ये. मर्यादा नको असेल तर तिसऱ्या जागी उणे एक. प्रत्येक पार्टिशनचं वर्णन संपलं की मोकळा ठेवलेला एक पूर्णविराम लागतो, आणि तो विसरला की पुढचं पार्टिशन आधीच्याच्या पोटात जातं. गरज नसेल तर या वाटेला जाऊ नका.

इथवरचे प्रश्न तुमच्या आधीच्या निर्णयांचे होते. ते काढण्यात काही धोका नाही, तीस यंत्रांसाठी निर्णय एकच आहे आणि तो तुम्ही घरी शांतपणे चहा पीत घेतलेला आहे.

खरी गर्दी होते ती डिस्कमध्ये आधीचं काही असलं की. पार्टमॅनला जुन्या गोष्टी सापडतात आणि प्रत्येकीबद्दल तो वेगळी चौकशी करतो. आधी लिनक्स एलव्हीएमवर होतं तर 'हे जुने लॉजिकल व्हॉल्यूम काढू का', याचं उत्तर 'पार्टमॅन-एलव्हीएम/डिव्हाइस-रिमूव्ह-एलव्हीएम'मध्ये. सॉफ्टवेअर रेड होतं तर 'पार्टमॅन-एमडी'मध्ये तसाच भाऊ आहे. डिस्क अगदी कोरी असेल तर उलट विचारणा होते, नवं पार्टिशन टेबल लिहू का. विंडोज सात बायोस पद्धतीने बसवलेली जुनी यंत्रं तुम्ही आता यूईएफआय पद्धतीने बूट केलीत की पार्टमॅन म्हणतो, इथे आधीची सिस्टिम बायोसची दिसते, तरी यूईएफआयच करू का. आपल्याकडच्या दहा-बारा वर्षं जुन्या लॅबमध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि पहिल्यांदा तो वाचणारा माणूस घाबरतो. पूर्ण डिस्क पुसणार असाल तर उत्तर हो. 'पार्टमॅन-ईएफआय/नॉन-ईएफआय-सिस्टिम' असं त्याचं नाव. जुनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचा बेत असेल तर मात्र उत्तर नाही, आणि मग ते यंत्र या स्वयंचलित रांगेतून बाहेर काढा. दोन सिस्टिम असलेलं यंत्र हाताने करावं.

एलव्हीएमबद्दल एक जास्तीची सूचना. जुन्या डिस्कवर एखादा व्हॉल्यूम ग्रुप असेल आणि नव्याचं नावही तेच असेल, तर काढायला होकार देऊनही कधी कधी 'हे नाव वापरात आहे' म्हणून गाडी अडते. यंत्रात दुसरी डिस्क असली की हे जास्त घडतं. एलव्हीएम हवंच असेल तर ग्रुपला वेगळं नाव द्या. आणि 'ग्रुपमधली किती जागा वापरू' या प्रश्नाला 'पार्टमॅन-ऑटो-एलव्हीएम/गायडेड-साइज'मध्ये 'मॅक्स' लिहून टाका, नाहीतर सगळं झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच यंत्र थांबून राहतं.

आता मुख्य गोष्ट. कोणती डिस्क?

यंत्रात एकच डिस्क असेल तर इन्स्टॉलर तीच धरतो, काही सांगावं लागत नाही. पण 'एकच डिस्क' ही आपली समजूत असते, यंत्राची नाही. ज्या पेनड्राइव्हवरून बूट केलंत तोही एक डिस्कच. कार्ड रीडरमध्ये कुणी विसरलेलं कार्ड असतं. त्यात नावांचा घोळ. साटा आणि यूएसबी दोन्हींना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं सापडतील त्या क्रमाने मिळतात, आणि तो क्रम सगळ्या यंत्रांवर सारखा राहील याची हमी नाही. एनव्हीएमई असेल तर नावाची घडणच वेगळी. म्हणून प्रीसीडमध्ये 'पार्टमॅन-ऑटो/डिस्क' याला ठोकून एसडीए लिहिलेली फाइल एका लॅबमध्ये चालते आणि शेजारच्या लॅबमध्ये पेनड्राइव्हवरच डेबियन बसवायला निघते.

गाइडमध्ये यावर एक तोड दिलेली आहे. 'पार्टमॅन/अर्ली-कमांड' नावाच्या प्रश्नात तुम्ही एक आज्ञा लिहू शकता. डिस्क सापडल्यावर आणि पार्टमॅन सुरू होण्याआधी ती चालते. तिच्यात 'लिस्ट-डिव्हाइसेस डिस्क' असं विचारायचं, आलेल्या यादीतलं पहिलं नाव उचलायचं आणि डेबकॉन्फला डिस्क म्हणून देऊन टाकायचं. एका ओळीचं काम. मी ते जसंच्या तसं वापरलं होतं. एका कॉलेजात एका संगणकात छोटी एसएसडी आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क अशा दोन होत्या. यादीत पहिली हार्ड डिस्क आली. तिच्यावर एका सरांचं चार वर्षांचं साहित्य होतं, मुलांचे प्रोजेक्ट, प्रश्नसंच, सगळं. इन्स्टॉल सुरेख झालं, एकही प्रश्न आला नाही. 'पहिली' म्हणजे 'योग्य' असं मी गृहीत धरलं होतं. त्यानंतर सरांनी मला काही बोलायचंही टाळलं, ते जास्त लागलं.

तेव्हापासून अर्ली-कमांडमध्ये मी पहिलं नाव उचलत नाही. छाननी करतो. यादीतली प्रत्येक डिस्क घ्यायची आणि 'सिस' फोल्डरमधल्या 'ब्लॉक'खाली तिची माहिती बघायची. तिथे 'रिमूव्हेबल' नावाची फाइल असते. तिच्यात एक असेल तर ती डिस्क वगळायची, बहुतेक पेनड्राइव्ह इथेच गळतात. बहुतेक, सगळे नाहीत. यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क स्वतःला 'रिमूव्हेबल' म्हणवून घेत नाही, तिथे शून्यच दिसतो. म्हणून दुसरी चाळणी आकाराची. शेजारच्या 'साइज' फाइलीत ५१२ बाइटच्या सेक्टरांची संख्या असते. २४० जीबीच्या एसएसडीवर ती बहुधा ४६,८८,६२,१२८ असते आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८. लॅबमध्ये २४०च्या एसएसडी असतील तर चाळीस कोटी ते पन्नास कोटी सेक्टर यांच्यामधल्याच डिस्क घ्यायच्या. दोन्ही चाळण्यांतून नेमकी एक डिस्क उरली तरच तिचं नाव डेबकॉन्फला द्यायचं. एकही उरली नाही किंवा दोन उरल्या, तर काहीच द्यायचं नाही. मग यंत्रात एकाहून जास्त डिस्क असतील तर पार्टमॅन त्याचा नेहमीचा मेन्यू पुढे ठेवतो आणि तुम्हाला त्या यंत्रापाशी जावं लागतं. तीस यंत्रांत असं एखादं निघतं, आणि ते वेगळं आहे हे तेव्हाच कळतं. लॅबच्या नोंदवहीत ते वेगळं आहे असं कधीच लिहिलेलं नसतं.

उरला शेवटचा होकार. 'पार्टमॅन/कन्फर्म' याला 'ट्रू' लिहिलंत की काम संपलं, एकही पडदा नाही. ही ओळ मी लिहीत नाही. प्रश्न क्रिटिकल दर्जाचा असल्यामुळे प्रायॉरिटी काहीही असली तरी तो दिसतोच, त्यामुळे ओळ नुसती गाळली की पुरे. बाकीचे सगळे पडदे गेल्यावर हा एकटा येतो, आणि त्यावर कोणत्या डिस्कवर काय काय लिहिलं जाणार याची यादी असते. दीडशे पडद्यांतला शेवटचा म्हणून जो कुणी वाचत नव्हतं, तो एकटा आला की वाचला जातो. तीस यंत्रांवर तीस वेळा, प्रत्येकी पाच सेकंद. डिस्कचं नाव बघायचं, टॅब, एंटर, पुढचं यंत्र. पटत नसेल तर नाव न बघता दाबा, पण मग ते तुमच्या सहीने झालं.

तुमचं उत्तर आधी भरलेलं दिसावं आणि तरीही विचारावं, असं एखाद्या प्रश्नाचं हवं असेल तर 'सीन'ची खूण वापरता येते. नेहमीप्रमाणे उत्तराची ओळ लिहायची आणि खाली त्याच प्रश्नासाठी 'सीन फॉल्स' अशी दुसरी ओळ. मग प्रश्न येतो, पण उत्तर तयार असतं.

आणखी एक प्रश्न उत्तरपत्रिकेत भरू नये असा आहे, तो म्हणजे एन्क्रिप्शनचा पासफ्रेज. क्रिप्टो पद्धत घेतलीत तर तो प्रीसीडमध्ये लिहिता येतो, पण फाइल बहुतेक वेळा साध्या वेब सर्व्हरवर ठेवलेली असते आणि नेटवर्कवरच्या कुणालाही वाचता येते. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगण्यातला प्रकार. लॅपटॉप मोजके असतात, तिथे हाताने टाइप करा.

चाचणी लॅबमध्ये करू नका, आभासी यंत्रात करा. आणि तिथे होणारी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक वेळी नवी, कोरी आभासी डिस्क घेणं. कोऱ्या डिस्कवर फाइल निर्धोक चालते आणि खऱ्या जुन्या यंत्रावर तीन प्रश्न विचारते, कारण प्रश्न डिस्कमध्ये काय आहे यावर ठरतात. निदान तीन फेऱ्या करा: कोऱ्या डिस्कवर, विंडोजची पार्टिशनं असलेल्या डिस्कवर, आणि तुमच्याच आधीच्या डेबियनवर पुन्हा. एलव्हीएम वापरणार असाल तर ही तिसरी फेरी टाळूच नका. एका चाचणीत दोन डिस्क जोडूनही बघा, तुमची छाननी खरंच थांबते का ते.

नको तो प्रश्न आला आणि तो कोणता हे कळेना, तर मजकूर पद्धतीच्या इन्स्टॉलमध्ये ऑल्ट आणि एफ-४ दाबा. चौथ्या पडद्यावर नोंदी वाहत असतात. बूटच्या ओळीत 'डेबकॉन्फ-डीबग' ५ असं दिलंत तर प्रत्येक प्रश्नाचं नाव नोंदीत दिसतं, ते उचलायचं आणि फाइलीत घालायचं. एक पर्याय आणखी सोपा आहे. एक यंत्र हाताने नीट करा, मग त्यावर 'डेबकॉन्फ-युटिल्स' टाकून 'डेबकॉन्फ-गेट-सिलेक्शन्स' ही आज्ञा 'इन्स्टॉलर' पर्यायासह चालवा. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं ओळीने बाहेर येतात. ती यादी फार लांब असते आणि निम्मी निरुपयोगी, ती जशीच्या तशी वापरायची नसते. पण नाव शोधायला हिच्यासारखं दुसरं काही नाही.

डेबियन सोडून दुसरं काही वापरत असाल तरी हिशेब हाच राहतो. रेड हॅट आणि फेडोरामध्ये किकस्टार्ट फाइल असते. तिथे 'झीरो-एमबीआर' ही ओळ अनोळखी डिस्कबद्दलचा प्रश्न काढते, 'क्लिअरपार्ट' जुनी पार्टिशनं उडवते, आणि 'इग्नोअरडिस्क'ला 'ओन्ली-यूज' देऊन एकाच डिस्कपुरतं बांधता येतं. या शेवटच्या ठिकाणी डिस्कची कायमची ओळख, म्हणजे मॉडेल आणि सिरियल क्रमांकावरून पडणारं नाव, देता येतं हे त्याचं मोठं सुख आहे. विंडोजच्या उत्तर-फाइलीत 'विल-वाइप-डिस्क' आणि 'डिस्क-आयडी' असतात. तिथला शून्य क्रमांकही आपल्या एसडीएइतकाच भरवशाचा समजा.

उबुंटू सर्व्हरने मात्र माझ्या मनातली गोष्ट केली आहे. त्याच्या 'ऑटोइन्स्टॉल' फाइलीत तुम्ही शंभर टक्के उत्तरं दिलीत तरी डिस्कवर लिहिण्याआधी तो एकदा हो की नाही विचारतो. ते नको असेल तर कर्नेलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द वेगळा द्यावा लागतो. कारणही त्यांनी सांगून ठेवलं आहे: कुणाच्या तरी यंत्राला चुकून लावला की ते पुसून टाकेल असा पेनड्राइव्ह सहज तयार होऊ नये.

तसा पेनड्राइव्ह तुमच्याकडे आता तयार होणारच आहे. त्याच्या बूट मेन्यूत पहिली नोंद 'हार्ड डिस्कवरून सुरू करा' अशी ठेवा आणि पुसणारी नोंद दुसरी. वर लाल चिकटपट्टी लावा, आणि तो घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवू नका.